मनोरीची फिलू आणि आठ वाजताची मॅच

फिलू, पेपरात तुझ्यावर चार ओळी छापून आल्या. 'उपनगरातील माजी ज्युनियर टेनिसपटू व प्रशिक्षिका' असं काहीबाही. ते 'माजी ज्युनियर' वाचून तुला हसू आवरलं नसतं. सत्तावन्नाव्या वर्षी गेलेल्या बाईला ज्युनियर म्हणायचं म्हणजे कमाल झाली! तसं त्यात चूक काहीच नाही. पण वाचून माझा जीव जळला. तुझं ते ज्युनियर असणं किती जिवावरचं होतं ते चार ओळींत कुठून येणार? त्यातल्या एका सकाळबद्दल मी तुझ्याशी कधी अवाक्षर काढलं नाही. आता तू उलटून बोलायला नाहीस, म्हणून बोलते. भित्री ती भित्रीच, म्हणशील. म्हण.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मालाडला आमच्या घराजवळच्या क्लबात मुरमाची दोन कोर्टं होती. माझे बाबा साकीनाक्याला एका कारखान्यात फोरमन. टेनिसशी आमच्या सात पिढ्यांचा संबंध नाही. पण क्लबचे सेक्रेटरी बाबांचे शाळेतले दोस्त, त्यामुळे सकाळच्या बॅचमध्ये माझी वर्णी लागली आणि वर्षभरात मी स्वतःला फार कुणीतरी समजायला लागले. अशात एका सकाळी तू आलीस. कोपरापर्यंत बाह्यांचा फ्रॉक, कॅनव्हासचे बूट, लाकडी रॅकेट आणि अंगाला सुक्या बोंबलांचा वास. मी नाक मुरडलं. ते तू बघितलंस आणि तुमच्या मनोरीच्या मराठीत म्हणालीस, "मावशीच्या टोपलीशेजारी बसून आयले. तुना वास येत असंल तर लांबून खेळ." मग मला अशी पळवलीस की वास घ्यायला श्वासच उरला नाही.

तुझे डॅडी मनोरीला समुद्राकाठच्या एका बंगल्याची राखण करायचे. मालक लांब वांद्र्याला, वर्षातून चार-दोनदा येणार. त्यांच्या आवारात टेनिसचं कोर्ट होतं, आपल्या अंगणासारखं शेणानं सारवलेलं. सारवायचं काम तुझं आणि तुझ्या आईचं. सारवलेलं वाळलं की तू खेळणार. मालक असले तर त्यांच्याशी, एरवी पंपाच्या खोलीच्या भिंतीशी. समुद्राच्या बाजूला जाळीच नव्हती. फटका लांब गेला की चेंडू सुरूच्या झाडांमधून थेट पाण्यात. त्यामुळे तुझ्या चेंडूला रेषेबाहेर जाणं ठाऊकच नव्हतं. सगळा खेळ आखूड, तिरका, जाळीशेजारी हळूच टाकलेला. मी आपली जीव खाऊन मारायचे आणि दहातले चार बाहेर. तू कमरेवर हात ठेवून विचारायचीस, "बॉल काय बापाचे हायेत गं तुझ्या, समुद्रात टाकायला?" मालाडच्या कोर्टावर समुद्र कुठला? पण मला तो दिसायला लागला आणि माझे फटके आत पडायला लागले. माझं जे काही टेनिस झालं ते अर्धंअधिक तू शिकवलंस. हे मी तुला तोंडावर कधी कबूल केलं नाही. केलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

सहा महिन्यांत आपण डबल्सच्या जोडीदार झालो आणि वर्षात एकमेकींशिवाय पान हलेना. आपलं भांडण एकच, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, स्पर्धेच्या दिवसांत तरी आमच्याकडे राहायला ये, दोन खोल्या आहेत, आई तुझ्यासाठी वेगळी चटई टाकील. तू नाही म्हणजे नाही. "होडीत बसले की माझी अर्धी मॅच तिथंच खेळून होते," म्हणायचीस. मला तो शुद्ध हट्ट वाटायचा. भाईंदरकडून रस्ता होता, पण तो म्हणजे द्राविडी प्राणायाम. रोजचं येणं-जाणं मालाडच्या टोकाच्या मार्व्याच्या खाडीतूनच, आणि खाडी म्हणजे भरती-ओहोटीची मर्जी. ओहोटी तळाला गेली की होडी धक्क्याला लागत नसे. मधे नुसता चिखल. तू मला हिशोब शिकवलास. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून पुढेमागे सहा तासांवर ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं, म्हणून ओहोटीही मोठी. त्या दिवशी पहाटेपासून आठेकपर्यंत खाडीत पाणी शोधायला लागतं. आमच्या घरच्या कॅलेंडरवर आई चतुर्थी बघायची आणि मी तुझी होडी.

तुमच्या बेटावर तेव्हा फोन कुठला? तुझे सगळे निरोप इस्तेलमावशीच्या हाती. मालाडच्या बाजारात ती मासे विकायला बसायची. क्लबच्या फळ्यावर मॅचच्या वेळा लागल्या की मी चिठ्ठी लिहून मावशीला देणार, ती चिठ्ठी टोपलीत ठेवणार आणि दुपारच्या होडीनं ती तुझ्याकडे पोचणार. तुझे प्रवेश अर्जही तसेच यायचे. क्लबचे सर, म्हणजे स्पर्धेचे रेफ्री, अर्ज हातात घेतला की म्हणायचे, "आली वाटतं मनोरी!" सर तसे चांगले होते. पण मालाडच्या पश्चिमेला जमीन संपते आणि पलीकडेही माणसं राहतात, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

आता त्या वर्षाकडे येते. नाताळच्या सुट्टीतली आपली स्पर्धा. अंतिम फेरीत जाणाऱ्या दोघींची नावं राज्याच्या ज्युनियर शिबिराला जाणार होती. मला ते हवं होतंच, पण मला नसतं मिळालं तरी माझं काय जाणार होतं? तुझं मात्र सगळंच त्यावर होतं. डॅडींनी निक्षून सांगितलं होतं, "शिबिराला नाव आलं तर दहावीनंतर खेळ. नाय तर रॅकेट ठेव नि नर्सिंगला जा." आणि ड्रॉ असा निघाला की उपांत्य फेरीत तुझ्यासमोर मी. आदल्या दोन स्पर्धांत तू मला हरवलं होतंस, तेही हसत-खेळत. मला ते हसणं जास्त लागलं होतं.

मॅच अकराची होती. आदल्या दिवशी दुपारी मी प्रॅक्टिस करून निघाले तर सरांनी हाक मारली. म्हणाले, "अगं, उद्या क्लबचं संमेलन आहे, दहा वाजल्यापासून मांडववाले येणार. तुमची मॅच आठला घेऊ या. तुला चालेल ना?"

"हो सर."

"आणि ती तुझी मैत्रीण? येईल ना तिकडून आठपर्यंत?"

फिलू, दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. मला आठवायलाही लागलं नाही. सकाळीच कॅलेंडर बघून मनात म्हटलं होतं की अकराची मॅच आहे, भरतीला येईल, बरं झालं. सर पेन घेऊन उभे होते. "नाही सर, तिला जमणार नाही, खाडीत पाणी नसेल." एवढंच वाक्य. मी म्हणाले, "येईल की."

पुढचं सगळं मी इतकं नेमानं केलं की त्याची मला आजही शिसारी येते. मावशी बाजारातून निघून गेली होती, तर मी बस धरून मार्व्याला गेले. म्हणजे निरोप दिला नाही असं कुणी म्हणायला नको! होडीवाल्या काकांच्या हातात चिठ्ठी दिली. त्यांनी वाचायला सांगितली, मी वाचली.

"आठला?" काका म्हणाले. "उद्या आवस हाय, पोरी. सकालचं पानी कुठं ऱ्हातंय खाडीत?"

"सरांनी सांगितलंय," मी म्हणाले.

"मग सरांना सांग जाऊन."

"बघते," म्हटलं आणि परतीच्या बसमध्ये बसले. मालाडला उतरल्यावर क्लब डाव्या हाताला होता, घर उजव्या. मी उजवीकडे वळले.

सकाळी पावणेआठला मी कोर्टावर हजर. पांढरेशुभ्र बूट, आईनं घालून दिलेली घट्ट वेणी. पंधरा मिनिटं उशीर म्हणजे वॉकओव्हर, हा नियम. सरांनी घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. मी फाटकाकडे बघत नव्हते, बुटाच्या नाड्या सोडत होते आणि बांधत होते. सव्वाआठला सरांनी कागदावर लिहिलं. आठ वीसला तू आलीस.

मांड्यांपर्यंत काळा चिखल, फ्रॉक कमरेला खोचलेला, बूट गळ्यात बांधलेले. अजून उजाडायचं होतं तेव्हा तू चिखलात उतरली होतीस. मधल्या पाण्याच्या पट्ट्यात होडीवाल्या काकांनी वल्ह्याच्या छोट्या होडीतून तुला पलीकडे सोडलं, आणि पुढे पुन्हा चिखल. हे मला कितीतरी वर्षांनी काकांकडून कळलं. तू टेबलापाशी उभी राहिलीस. सरांनी तुझ्या पायांकडे बघितलं, मग कागदाकडे. "काय गं हे? निरोप नाही का मिळाला?"

"मिलाला सर."

"मग? आठला जमणार नव्हतं का? मला तर सांगितलं की..." आणि सरांनी माझ्याकडे मान वळवली.

तू पण माझ्याकडे बघितलंस. फार नाही, एक क्षण. मग सरांना म्हणालीस, "झोप लागली सर. उठायला उशीर झाला."

चिखलानं भरलेल्या पायांवर उभी राहून तू सांगितलंस की झोप लागली. आणि सरांनी ते खरं मानलं. खरं मानणं सोपं होतं. मी तिथंच होते. तोंड उघडायला मला कुणी बंदी केली नव्हती.

तुझ्या त्या खोट्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला. म्हटलं, फिलूला आपल्या बेटाची कुणी कीव केलेली खपत नाही, म्हणून पाण्याचं नाव काढलं नाही. नाकाचा शेंडा लाल, दुसरं काय! चाळीस वर्षं मी याच समजुतीवर ढकलली. आतून माहीत होतं, की तू पाण्याचं नाव घेतलं असतंस तर सरांचा पुढचा प्रश्न मला होता. पण आतून माहीत असणं वेगळं आणि ते उघड्यावर आणणं वेगळं.

शिबिरात माझं काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस. सांगते. पहिल्याच निवड सामन्यात पुण्याच्या एका मुलीनं मला धुऊन काढलं, सहा-शून्य, सहा-एक. तो एक गेमही तिनं दोन डबल फॉल्ट केले म्हणून मिळाला. घरी येऊन मी रडले, आणि बाबांना वाटलं हरले म्हणून रडते आहे.

तिकडे डॅडींनी तुझी रॅकेट कपाटावर टाकली. हे इस्तेलमावशीनं मला बाजारात सांगितलं, कोलंबी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. मी बाबांना घेऊन मनोरीला आले. बाबा बिचारे त्यांच्या एकुलत्या एक टेरिकॉटच्या शर्टात, होडीची सवय नाही, बाक घट्ट धरून बसलेले. तुमच्या ओट्यावर डॅडी म्हणाले, "साहेब, पोरगी झोपून ऱ्हायली. जिला मॅचच्या दिवशी झोप लागते तिनं खेळायचं कशाला?" म्हणजे तू घरीही तेच सांगितलं होतंस! आईच्या मागे दारात तू उभी होतीस. मी सांगेन म्हणून वाट बघत होतीस का गं? मी समोरच्या बशीतला केक खात बसले. बाबा मात्र बोलले. म्हणाले, "मॅथ्यूभाऊ, कारखान्यात एका दिवसाच्या खाड्यावर आम्ही चांगला कारागीर काढत नाही. एक वर्ष द्या पोरीला." डॅडी म्हणाले, "एकच."

त्या एका वर्षासाठी मी बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला हवं होतं. त्यांनाही खरं कळलं नाही.

मग मी माझ्या परीनं भरपाई सुरू केली. भित्र्या माणसाची भरपाई, आडून आडून. क्लबच्या फळ्यावर मॅचच्या वेळा लागल्या की मी खाली खडूनं भरतीची वेळ लिहायला लागले. सर पहिल्या दिवशी ओरडले, "हे काय, कोळीवाडा आहे का?" मी म्हटलं, सर, तिकडच्या खेळाडूला कळायला हवं ना कुठली वेळ चालेल ते. त्यांनी पुसलं, मी परत लिहिलं. आठवडाभर हा खेळ चालला, आणि मग एके दिवशी सरांनी स्वतः मला विचारलं, "काय गं, गुरुवारी तुझं ते पाणी किती वाजता?" तू फळ्यासमोर उभी राहून वाचलंस. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. तू खडू उचललास, माझे 'नऊ चाळीस' खोडून 'नऊ पंचावन्न' केलेस आणि म्हणालीस, "वाऱ्याची पंधरा मिनटं धरायची असतात, येडे." आणि हसलीस. मी त्या दिवशी घरापर्यंत पळत गेले.

त्या वर्षी उपांत्य फेरीत पुन्हा आपणच. तू मला सहा-तीन, सहा-दोन हरवलंस. हरल्यावर इतका आनंद झालेली मुलगी त्या क्लबानं पाहिली नसेल. तू स्पर्धा जिंकलीस, शिबिर गाजवलंस, आणि राज्याकडून मद्रासला राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेला गेलीस. दोन फेऱ्या जिंकून तिसरीत तीन सेट लढून हरलीस. परत आलीस तेव्हा मार्व्याच्या धक्क्यावर अख्खं गाव खाडी ओलांडून आलेलं, बँडसकट. डॅडी सगळ्यांना पेरू वाटत होते आणि सांगत होते, "तिसऱ्या फेरीपर्यंत! आमच्या शेणाच्या कोर्टावरून!" तीन फेऱ्यांचा असा जल्लोष मी पुन्हा कुठं पाहिला नाही.

पुढे तू नर्सिंगला गेलीसच, पण आपल्या मनानं. बोरिवलीला ड्यूटी आणि सुट्टीच्या दिवशी कोर्ट. मालकांच्या मुलांनी ते तुला वापरायला दिलं आणि तू बेटावरच्या पोरांना गोळा केलंस. आपलं भांडण चालूच. मी म्हणायचे, मालाडला राहिली असतीस तर कुठल्या कुठे गेली असतीस. तू म्हणायचीस, "जायचं कुठं होतं? मना इथंच यायचं होतं ना." यावर मी आजही पूर्ण सहमत नाही, नोंद घे. पण तुझ्याकडच्या तीन मुली राज्याकडून खेळल्या आणि माझ्याकडे मुद्दा उरला नाही.

दिवाळीनंतर तुला भेटायला आले ती आपली शेवटची भेट. तू कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसली होतीस, अंगावर शाल, आवाज मात्र तोच. मी ठरवून आले होते. म्हटलं, "फिलू, त्या वर्षीची ती आठची मॅच..." तू माझा हात धरलास. मी थांबले. किती सोपं होतं पुढचं! तू वाट बघितलीस, मग हात थोपटलास आणि म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. तो बॉल आण तिकडचा, पोरं थांबल्यात." मी चेंडू आणायला गेले. जणू काही तेवढ्यासाठीच आले होते.

तुला माती देऊन झाल्यावर आम्ही सगळे बंगल्याच्या आवारात बसलो होतो. तुझी पोरं पांढऱ्या कपड्यांत कोर्टाच्या कडेला ओळीनं. फादर म्हणाले, टीचरची काही आठवण सांगा. रोझलिन उठली, ती तुझी डावखुरी, बारा-तेरा वर्षांची. म्हणाली, "टीचर सांगायच्या, त्यांनी आयुष्यात एकच वॉकओव्हर दिला. झोप लागली म्हणून. म्हणून आमाला सांगायच्या, लवकर उठा." सगळे हसले, रडता रडता.

मी उठले. म्हटलं, "झोप लागली नव्हती तिला. ती चिखलातून चालत आली होती. मला माहीत होतं की अमावास्येला ती आठला पोचू शकत नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. तो वॉकओव्हर मी ढापला." एवढं बोलायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. मोठी माणसं खाली बघायला लागली. पोरं मात्र माझ्याकडेच बघत होती, आणि कुणालाच नवल वाटलेलं दिसेना.

रोझलिन म्हणाली, "आमाला ठाऊक हाय, आंटी."

"काय ठाऊक आहे?"

"सगलं. टीचरनी सांगितलेलं. बरोबर जोडीला खेळणारी पण कवा कवा चुकते, म्हणून तिला सोडायचं नाय, असं. पण तुमी समोर असल्या की झोपेचीच गोष्ट सांगायची, असं ठरलेलं."

"का?"

"म्हणायच्या, ती स्वतः सांगेल. तिला सांगू द्या."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

रोझलिननं खांदे उडवले. "तर काय, झोप लागलेली तेच ऱ्हायलं असतं."

मी तिथंच कोर्टावर खाली बसले आणि मोठ्यानं रडले, लाज सोडून. पोरांनी पाणी आणून दिलं. फिलू, इतकं हलकं मला पंधराव्या वर्षापासून वाटलं नव्हतं, आणि ते तुला सांगायला तू नाहीस, याचा राग पण आला. थोड्या वेळानं पोरं उठली आणि जाळी बांधायला लागली. एकीनं मला रॅकेट दिली.

त्या सकाळी मी तुझ्यासाठी पंधरा मिनिटं थांबले होते. तू माझ्यासाठी चाळीस वर्षं थांबलीस.